थैली आणि वही

इसवी सनाच्या पन्नाशीच्या दशकात ग्रीसमधल्या करिंथच्या ख्रिस्ती मंडळीने एक वर्गणी कबूल केली होती. यरुशलेममधल्या गरीब बांधवांसाठी. क्लौद्य कैसराच्या काळात दुष्काळ पडून गेला होता आणि तिथल्या मंडळीचे हाल होते. करिंथ म्हणजे दोन बंदरांचे, व्यापाराच्या पैशाने फुगलेले शहर. उत्साहात आकडे बोलले गेले. वर्ष उलटले तरी पैसे काही जमेनात.

प्रेषित पौलाने या मंडळीला जी पत्रे लिहिली, त्यांतल्या दुसऱ्या पत्राचे आठवे आणि नववे हे दोन अध्याय या वसुलीवर खर्ची पडले आहेत. ख्रिस्ती दानविचाराचा पाया बहुतेक इथेच सापडतो. कोणी कुढत देऊ नये, दडपणाखाली तर नाहीच. मनात ठरवावे तेवढे आनंदाने द्यावे. जवळ असेल त्या मानाने द्यावे, नसलेल्याच्या मानाने नव्हे. आणि आज तुमच्याकडे जास्त आहे ते त्यांची उणीव भरून काढील, उद्या त्यांच्याकडचे तुमची भरून काढील. मग हळूच एक टाचणी. मासेदोनियाच्या मंडळ्या स्वतः दारिद्र्यात असून ऐपतीबाहेर देऊन मोकळ्या झाल्या. त्यांना मी तुमच्या तयारीचे कौतुक सांगून बसलो आहे. आता ते लोक माझ्यासोबत तुमच्याकडे आले आणि तुम्ही तयार नसलात तर लाज माझी जाईल, तुमचे सोडाच! गणपतीची वर्गणी मागायला जिने चढलेल्या कोणत्याही कार्यकर्त्याला ही युक्ती ओळखीची वाटेल.

मंडळ्यांमधली प्रवचने बहुधा इथे थांबतात. आनंदाने देणारा देवाला आवडतो, एवढे सांगून अर्पणाची थैली फिरू लागते. पण त्याच आठव्या अध्यायाच्या उत्तरार्धात तीन माणसे आहेत, त्यांच्याबद्दल मी प्रवचन क्वचितच ऐकले आहे. पैसे गोळा करायला पौल आपला सहकारी तीत याला पाठवतो आणि त्याच्याबरोबर आणखी दोन बांधव देतो. त्यांची नावे पत्रात नाहीत. त्यांतला एक पौलाने निवडलेलाच नाही. या कामासाठी मंडळ्यांनी नेमलेला आहे. कारणही पौल आडपडदा न ठेवता सांगतो: रक्कम मोठी आहे, तिच्या व्यवस्थेबद्दल आपल्यावर कोणी बोट ठेवू नये, प्रभूला जे योग्य दिसते ते माणसांनाही योग्य दिसले पाहिजे.

पहिल्या पत्रातली सूचना याहून काटेकोर आहे. आठवड्याच्या पहिल्या दिवशी प्रत्येकाने मिळकतीप्रमाणे घरीच काहीतरी बाजूला ठेवावे, म्हणजे मी आल्यावर धावपळीची वसुली नको. पैसे यरुशलेमला कोणी न्यायचे? तुम्ही पसंत कराल त्यांनी. मी पत्रे देईन. माझे जाणे योग्य ठरलेच तर ते माझ्याबरोबर येतील. म्हणजे ज्याने मागितले त्याच्या एकट्याच्या हाती थैली नाही, आणि थैली नेणारे कोण हे ठरवायचा हक्क देणाऱ्यांचा.

ही खबरदारी हवेतून आलेली नव्हती. पौल तंबू शिवून पोट भरत असे. करिंथकरांकडून त्याने मानधन घेतले नव्हते. तरी कुजबुज होतीच. स्वतः घेत नाही, पण हस्तकांमार्फत काढून घेतो, असा काहीसा आरोप असावा, कारण पत्राच्या शेवटी शेवटी त्याला विचारावे लागते की मी पाठवलेल्यांपैकी कोणी तुम्हाला लुबाडले का, तीताने लुबाडले का. पुढे ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात यरुशलेमच्या प्रवासात पौलाच्या सोबतीला बिरुया, थेस्सलनीका, दर्बे, आसिया अशा ठिकाणचे सात जण दिसतात. हे देणाऱ्या मंडळ्यांचे प्रतिनिधी असावेत असे बरेच अभ्यासक मानतात. सात माणसांचा प्रवासखर्च सोसून पैसे पोचवणे आजच्या कोषाध्यक्षाला उधळपट्टी वाटेल. मला तो खर्च वाजवी वाटतो.

पौलाला हे शहाणपण त्याच्या यहुदी वारशातूनही मिळाले असणार. इसवी सनापूर्वी नवव्या शतकात यहूदाचा राजा योवाश याने मंदिराची डागडुजी याजकांवर सोपवली, पैसेही त्यांच्याच हाती ठेवले. राजाच्या कारकिर्दीचे तेविसावे वर्ष आले, भिंतींची भगदाडे तशीच. तेव्हा यहोयादा याजकाने एक पेटी घेतली, झाकणाला भोक पाडले आणि ती वेदीच्या उजव्या बाजूला ठेवली. पेटी भरली की राजाचा चिटणीस आणि प्रमुख याजक दोघे येत, पैसे मोजत, पिशव्यांत बांधत आणि कामावरच्या मुकादमांना देत; तिथून सुतार, गवंडी, पाथरवट यांची मजुरी भागे. दरबारचा एक, मंदिराचा एक, मोजणी दोघांसमोर. याच गोष्टीच्या शेवटी असेही म्हटले आहे की मुकादम सचोटीचे असल्याने त्यांच्याकडे हिशेब मागत नसत. काही कमिट्यांना नेमके हेच वाक्य पाठ असते, पेटीचे नाही.

नव्या करारात याची उलटी बाजूही आहे. येशूच्या बारा शिष्यांची सामाईक थैली यहूदा इस्कर्योताकडे होती आणि तो तिच्यातले पैसे लांबवत असे, असे योहान लिहितो. तीनशे दिनारांचे सुगंधी तेल येशूच्या पायांवर ओतले गेले तेव्हा ते विकून गरिबांना का दिले नाही, हा सवाल यहूदाचाच. गरिबांचे नाव घेऊन पैशाबद्दल बोलणारा प्रत्येक जण गरिबांचा नसतो, हे सुवार्तेतच नोंदले गेले आहे. यरुशलेममध्ये विधवांच्या रोजच्या वाटपात भेदभाव होतो अशी तक्रार आली, तेव्हा प्रेषितांनी वाटप आपल्या हातात न ठेवता लोकांना सात चांगल्या नावाची माणसे निवडायला सांगितले. जमीन विकून मंडळीला पैसे आणणाऱ्या हनन्या आणि सप्पीरा या जोडप्याची गोष्टही अनेकदा चुकीची सांगतात. जमिनीचे सगळे पैसे दिले नाहीत हा त्यांचा गुन्हा नव्हता. जमीन तुझीच होती, विकल्यावरही पैसे तुझ्याच ताब्यात होते, असे प्रेषित पेत्र हनन्याला स्पष्ट म्हणतो. थोडे देऊन सगळे दिल्याचा देखावा केला, तो गुन्हा.

दशमांशाबद्दल वाद बराच आहे आणि संपणारा नाही. जुन्या करारात उत्पन्नाचा दहावा भाग मंदिरसेवा करणाऱ्या लेवींचा. दर तिसऱ्या वर्षीचा मात्र परका, अनाथ आणि विधवा यांच्याही पोटात जायचा. नव्या करारात मंडळीला असा ठरावीक हिस्सा लावलेला नाही. तरी मलाखीचा तिसरा अध्याय हाती धरून, दहावा भाग दिला नाही तर तुम्ही देवाला लुटता, असे बजावणारे उपदेशक पुष्कळ. त्याच छोट्याशा पुस्तकाच्या पहिल्या दोन अध्यायांत याजकांची केवढी हजेरी घेतली आहे, हेही त्यांनी एखाद्या रविवारी वाचावे. मंदिराच्या भांडारात दोन टोल्या, म्हणजे अगदी क्षुल्लक नाणी, टाकणाऱ्या विधवेचा दाखला देणाऱ्यांचेही तेच. तिची गोष्ट मार्क ज्या ओळींनंतर सांगतो, त्या ओळी विधवांची घरे गिळणाऱ्या शास्त्र्यांबद्दल आहेत.

दुसऱ्या शतकाच्या अखेरीस कार्थेजचा ख्रिस्ती लेखक तर्तुल्यन लिहितो की महिन्यातून एकदा ज्याला हवे तो, त्याला झेपेल तेवढे पेटीत टाकतो, सक्ती कोणावर नाही. पैसा जातो गरिबांच्या जेवणाला आणि दफनाला, अनाथांना, घरी बसलेल्या म्हाताऱ्या दासांना, जहाज फुटलेल्यांना, खाणीत वा तुरुंगात टाकलेल्यांना.

तिथून 1517 पर्यंत आलो की चित्र पार बदललेले असते. जर्मनीत टेट्सेल नावाचा धर्मोपदेशक पापदंडमाफीची पत्रे विकत होता. लोकांना सांगितले होते की पैसा रोमच्या सेंट पीटर्स चर्चच्या बांधकामाला जाईल. निम्मा जाणारही होता. उरलेला निम्मा माइन्झचा आर्चबिशप आल्ब्रेख्त याने पदासाठी फुगर सावकारांकडून काढलेले कर्ज फेडायला, आणि हे देणाऱ्याला ठाऊक नव्हते. या विक्रीविरुद्ध मांडलेले मार्टिन ल्यूथरचे पंचाण्णव मुद्दे धर्मशास्त्राचे खरेच, पण त्यांच्या बुडाशी ही वहीही होती. कॅथलिक चर्चच्या 1983 च्या धर्मसंहितेत आता स्पष्ट कलम आहे: विशिष्ट हेतूने दिलेले अर्पण त्याच हेतूसाठी वापरायचे. प्रत्येक धर्मग्रामात अर्थसमिती हवी आणि भाविकांनी दिलेल्या पैशाचा हिशेब भाविकांना द्यायला हवा, अशीही कलमे आहेत.

आपल्याकडे मंडळ्यांचा पैसा बराच काळ समुद्रापलीकडून येत होता. मिशनच्या पगारावरचा धर्म आपल्या मातीत रुजणार नाही, असे रेव्हरंड ना. वा. टिळकांना वाटू लागले आणि 1917 मध्ये त्यांनी अमेरिकन मराठी मिशनची नोकरी सोडली. मिझोरामच्या ख्रिस्ती बायकांनी 1910 पासून दुसरी वाट धरली होती: प्रत्येक स्वयंपाकाच्या वेळी मूठभर तांदूळ बाजूला काढायचे, ते गोळा करून विकायचे आणि पैसा मंडळीला द्यायचा.

आता महाराष्ट्रातल्या मंडळ्यांच्या न्यासांना 1950 च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याप्रमाणे दरवर्षी हिशेब तपासून घ्यावे लागतात आणि धर्मादाय आयुक्तांच्या परवानगीशिवाय स्थावर मालमत्ता विकता येत नाही. शहरांत चर्चच्या जागांचे भाव गगनाला भिडल्यापासून विश्वस्तांचे खटले वाढले. वधस्तंभाखाली बसून कोर्टाच्या तारखांची चर्चा करणाऱ्या कमिट्या पाहिल्या की करिंथ फार लांब वाटत नाही.

मंडळीतला पैसा जवळून पाहायचा असेल तर हंगामाच्या सणाला जावे. लोक शेतातले, परसातले, नाहीतर सरळ मंडईतले आणतात: भोपळे, ऊस, केळीचा घड, कोंबडी, घरचे लोणचे. उपासनेनंतर आवारात लिलाव पुकारला जातो. चाळीस रुपयांचा भोपळा पाचशेला जातो. घेणारा तो परत लिलावात ठेवतो आणि पुन्हा बोली लागते. हशा पिकतो, जावई सासऱ्यावर कुरघोडी करतो. बाजूच्या टेबलाशी खजिनदार बोली आणि नाव लिहीत असतो, कारण निम्मे लोक पैसे नंतर देतो म्हणतात. मग थैली आतल्या खोलीत जाते, दोघे-तिघे मिळून नोटा लावतात, रकमेखाली सगळ्यांच्या सह्या होतात. पुढचे काही रविवार सूचनांच्या वेळी बाकीदारांची आठवण केली जाते, आधी नावे न घेता. नाताळ जवळ आला की काही ठिकाणी नावेही घेतात.