बासी ईदची मुंबई

ईदच्या दुसऱ्या दिवसाला मुस्लिम घरांत ‘बासी ईद’ म्हणतात. बासी म्हणजे शिळी. आदल्या दिवशीचा उरलेला शीर खुर्मा आणि बिर्याणी त्या दिवशी संपवायची आणि फिरायला निघायचं, अशी अनेक घरांची रीत आहे. ईदचा दिवस पुरुषांचा नमाजात आणि गळाभेटीत जातो, मुलांचा ईदी मोजण्यात. बायकांचा मात्र चुलीपुढेच जातो. रमजानभर पहाटे सगळ्यांच्या आधी उठून सहरी करायची, संध्याकाळी इफ्तारची फळं चिरायची, भजी तळायची, तीही रोजा ठेवून. चंद्र दिसला की शेवया, खारीक आणि सुक्या मेव्याची तयारी सुरू. त्यामुळे बायकांची खरी ईद बासी ईदलाच.

कोकणातल्या एका खाडीकाठच्या गावातल्या दादी यंदा ईदला मुंब्र्याला मुलाकडे आल्या होत्या. रात्री जेवताना मुलाने जाहीर केलं, “उद्या चूल बंद. सगळे मुंबई बघायला.” नातवाला राणीबागेतले पेंग्विन पाहायचे होते, नातीला गेट वे ऑफ इंडिया. सुनेला फक्त कुठेतरी निवांत बसायचं होतं. दादींनी एकच सांगितलं, “मला हाजीअलीला आत जायचंय.”

‘आत’ या शब्दावर त्यांचा जोर होता. दहा-बारा वर्षांपूर्वी त्या तिथे गेल्या, तेव्हा मजार असलेल्या आतल्या दालनात स्त्रियांना प्रवेश नव्हता. त्याआधी लग्नानंतर त्या आल्या होत्या, तेव्हा अगदी मजारपर्यंत गेल्याची त्यांना आठवण होती. ही मनाई 2012च्या सुमारास आली. भारतीय मुस्लिम महिला आंदोलनाने 2014मध्ये मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली. 26 ऑगस्ट 2016 रोजी न्यायालयाने मनाई घटनाविरोधी ठरवली. पुढे दर्गा ट्रस्टने सर्वोच्च न्यायालयात प्रवेश देण्याचं मान्य केलं आणि त्याच वर्षी नोव्हेंबरच्या अखेरीस स्त्रिया पुन्हा आत गेल्या. दादींनी ही बातमी गावी टीव्हीवर पाहिली होती. त्यानंतर मुंबईला त्या आल्या त्या कुणाच्या तरी दवाखान्यासाठी. हाजीअली राहूनच गेलं.

“मग सकाळी आधी हाजीअलीच करू,” मुलगा म्हणाला. पण मुंब्र्याहून लोकलने येताना वाटेत भायखळा आधी लागतं, आणि मुलांना धीर नव्हता. मग दुपारी जावं का? दादींनी मान हलवली. “उद्या तीज. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. तीनाचे सव्वादोन. दुपारी रस्त्यावर पाणी असेल.” नातवाने मोबाइलवर भरतीची वेळ पाहिली. दहा मिनिटांचाच फरक होता.

खाडीकाठी हा हिशेब सगळ्यांनाच येतो. मासळीला जाणाऱ्या कोळ्यालाही आणि दादींनाही. पंचांगाची तिथी आणि शव्वालची तारीख, दोन्ही एकाच चंद्रावर चालतात. 2025मध्ये तर गुढीपाडव्याच्या संध्याकाळी ईदचा चंद्र दिसला होता. अमावास्येनंतर दोन-तीन दिवस समुद्राला उधाण असतं, आणि ईद नेमकी त्याच दिवसांत येते. हाजीअलीची वाट मोठ्या भरतीत पाण्याखाली जाते. तेव्हा ठरलं : हाजीअली संध्याकाळी, ओहोटीला.

सकाळी भायखळ्याला उतरून मंडळी राणीबागेत पोहोचली. बाग बुधवारी बंद असते, एवढं मुलाने आधी पाहून ठेवलं होतं. बागेचं आताचं नाव वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान, पण तोंडी राणीबागच. 2016मध्ये दक्षिण कोरियातून आणलेल्या हम्बोल्ट पेंग्विनांपुढे आजही मुलांची गर्दी असते. बासी ईदला त्या गर्दीत नव्या कपड्यांची आणि अत्तराची भर पडते. दुपारी झाडाखाली डबे उघडले. फित्रा, कपडे आणि ईदी यांत मुलाचा खिसा हलका झाला होता. बाहेरचं जेवण परवडणारं नव्हतं. शेजारी बसलेल्या दुसऱ्या कुटुंबाला शीर खुर्म्याची वाटी गेली, तिकडून थालीपिठं आली. सून झाडाला टेकून तासभर शांत झोपली. तिला कुणी उठवलं नाही.

तिथून सीएसएमटी आणि मग बसने गेट वे. राजा पंचम जॉर्जच्या 1911च्या भेटीची आठवण म्हणून ही कमान उभारायचं ठरलं. जॉर्ज विटेट यांच्या आराखड्यानुसार ती 1924मध्ये पूर्ण झाली. शेवटचं ब्रिटिश सैन्य 28 फेब्रुवारी 1948 रोजी याच कमानीतून गेलं. “म्हणजे राजासाठी बांधली आणि गेले इथूनच,” नात म्हणाली. दादी हसल्या, पण लक्ष पाण्याकडे. पायऱ्यांवरचं पाणी उतरायला लागलं होतं.

संध्याकाळी टॅक्सी मरीन ड्राइव्हवरून मलबार हिलच्या पोटातल्या दोन किलोमीटरच्या बोगद्यात शिरली. मुलं ओरडली, दादींनी डोळे मिटले. बाहेर आल्यावर थोड्याच वेळात समुद्रात पांढरा दर्गा दिसला. पीर हाजी अली शाह बुखारी यांचा हा दर्गा 1431चा मानतात. वाट ओली होती, पण मोकळी. त्या वाटेवर टिळा लावलेले होते, टोपी घातलेले होते, नुसतेच वारा खायला आलेलेही होते.

आतल्या दालनाशी दादी क्षणभर थबकल्या. सवयीने थांबल्या असाव्यात. कुणी अडवलं नाही. सुनेने त्यांचा हात धरला आणि दोघी आत गेल्या. मुलगा मुलांना घेऊन बाहेर उभा राहिला.

बऱ्याच वेळाने त्या परतल्या. “काय मागितलं?” नातवाने विचारलं. “मागितलं नाही काही. सांगून आले, आले होते म्हणून.”

मगरिब झाली होती. पश्चिमेला समुद्रावर ईदचा चंद्र थोडा जाड होऊन दिसत होता. दोन दिवसांपूर्वी तो दिसावा म्हणून सगळी गल्ली गच्चीवर चढली होती. आता त्याच्याकडे फारसं कुणी पाहत नव्हतं. परतायची घाई होती, शेवटची गर्दी सुरू व्हायच्या आत लोकल गाठायची होती.

“उद्या सकाळी काय करायचं खायला?” सुनेने सवयीने विचारलं.

“उद्याचं उद्या,” दादी म्हणाल्या, आणि वाटेवरच्या कठड्यावर आणखी थोडा वेळ बसल्या.