दाणा तांदळाएवढा, कसोटी पंधरा वर्षांची

काही निर्णयांचे खरे मोल मुदत पूर्ण झाल्यावाचून कळत नाही. पुरःस्थ ग्रंथीच्या, म्हणजेच प्रोस्टेटच्या कर्करोगावरील उपचारांचेही तसेच आहे. मुख्यत्वे उतारवयात जडणारा हा रोग बहुधा संथ गतीने वाढतो. त्यामुळे उपचाराचे यश दोन-चार वर्षांत जोखता येत नाही. किरणोत्सर्गी बीजरोपणाचा इतिहास याची साक्ष देतो.

या उपचारात आयोडीन-१२५ हे किरणोत्सर्गी द्रव्य भरलेल्या, तांदळाच्या दाण्याएवढ्या टायटॅनियमच्या कुप्या सुईवाटे थेट ग्रंथीत ठेवतात. हीच ती 'बीजे'. ती आयुष्यभर तेथेच राहतात. किरणोत्सर्ग मात्र सुमारे दर साठ दिवसांनी निम्मा होत जातो. घटत्या शिल्लक रकमेवर घसारा आकारावा, तसाच हा हिशेब! दहा महिन्यांनंतर मूळ किरणोत्सर्गाचा जेमतेम तीन टक्के अंश उरतो.

आरंभीचा धडा

१९७० च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये पोटावर शस्त्रक्रिया करून, हाताच्या अंदाजाने बीजे पेरली जात. सुरुवातीला आशा वाटली. परंतु पुढे अनेकांमध्ये रोग परतला. बीजे सर्वत्र सारखी न पडल्याने ग्रंथीच्या काही भागांना पुरेसे किरण मिळालेच नव्हते. १९८३ मध्ये डेन्मार्कचे डॉ. होल्म यांनी सोनोग्राफीच्या चित्रावर नजर ठेवून सुया नेमक्या जागी नेण्याची पद्धत प्रसिद्ध केली. १९८५ पासून अमेरिकेतील सिएटल येथे तिचा अवलंब झाला.

आकडे काय सांगतात?

सिएटल येथे १९८८ ते १९९२ या काळात उपचार घेतलेल्या २१५ रुग्णांचा दीर्घकालीन अहवाल २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. पी.एस.ए. या रक्तचाचणीच्या निकषावर पंधरा वर्षांनंतर सुमारे ८० टक्के रुग्ण रोगमुक्त होते. कमी जोखमीच्या गटात हे प्रमाण सुमारे ८६ टक्के, तर अधिक जोखमीच्या गटात ६२ टक्के होते. ज्यांचा रोग परतला, त्यांतील निम्म्या रुग्णांत तो पाच वर्षे उलटल्यावर दिसून आला. म्हणजे पाचव्या वर्षीच खाते बंद केले असते, तर ताळेबंद अपुराच राहिला असता.

आणखी एक आकडा विचार करायला लावतो. पंधरा वर्षांनंतर हयात असलेल्यांचे प्रमाण सुमारे ३७ टक्केच होते. उपचारसमयी रुग्णांचे सरासरी वय सुमारे सत्तर वर्षे होते आणि बहुतेकांचा मृत्यू अन्य कारणांनी झाला. म्हणूनच उपचार निवडताना रोगाइतकाच वयाचा व एकंदर प्रकृतीचा विचार आवश्यक ठरतो.

बीजरोपणानंतर काही महिने लघवीस जळजळ, वारंवारता असे त्रास संभवतात. लैंगिक क्षमतेवरही परिणाम होऊ शकतो. प्रारंभीच्या काळात लहान मुले व गर्भवती स्त्रिया यांच्या निकट सहवासाबाबत डॉक्टरांच्या सूचना पाळाव्या लागतात. आणि नियमित पी.एस.ए. तपासणी? ती प्रकृती उत्तम वाटू लागल्यावरही वर्षानुवर्षे सुरूच ठेवावी.