फुटबॉल सामन्यातील जखमी खेळाडू आणि पंचाची जबाबदारी : एक विवेचन

बीजसंज्ञा : फुटबॉल, पंच, दुखापत, प्रथमोपचार, आंतरमहाविद्यालयीन क्रीडास्पर्धा

प्रस्तावना :

वेग, उडी आणि धडक ही फुटबॉलची अविभाज्य अंगे असल्याने या खेळात दुखापत पूर्णतः टाळणे शक्य नसते. दुखापतीवर उपचार करणे हे वैद्यकाचे कार्य होय. परंतु खेळ केव्हा थांबवावा, उपचारकांना मैदानात केव्हा बोलवावे आणि खेळाडूला पुन्हा केव्हा प्रवेश द्यावा, हे ठरविण्याचा अधिकार पंचाचा असतो. स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रातील नांदेड, लातूर, परभणी व हिंगोली या चार जिल्ह्यांत आंतरमहाविद्यालयीन सामन्यांच्या वेळी ही जबाबदारी अनेकदा आपल्यासारख्या प्राध्यापकांवरच येऊन पडते. प्रस्तुत लेखात या जबाबदारीचे स्वरूप स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

दोन घटना :

५ डिसेंबर २००४ रोजी बंगळूरच्या कांतीरवा स्टेडियमवर गोव्याचा धेंपो स्पोर्ट्स क्लब आणि कोलकात्याचा मोहन बागान यांच्यात फेडरेशन चषकाचा अंतिम सामना झाला. धेंपोने तो २-० असा जिंकला. दोन्ही गोल क्रिस्तियानो ज्युनियर या ब्राझीलच्या तरुण खेळाडूने केले होते. दुसरा गोल करताना त्याची गोलरक्षकाशी टक्कर झाली, तो कोसळला आणि पुन्हा उठला नाही. त्याच्या मृत्यूनंतर मैदानावरील वैद्यकीय सज्जतेविषयी देशभर प्रश्न विचारले गेले. धेंपोने त्याची १० क्रमांकाची जर्सी कायमची निवृत्त केली.

१२ जून २०२१ रोजी कोपनहेगन येथे युरो चषकाच्या डेन्मार्क-फिनलंड सामन्यात ख्रिस्तियन एरिक्सन कोणाचाही धक्का न लागता कोसळला. पंच अँथनी टेलर यांनी तत्काळ खेळ थांबवून वैद्यकीय पथकास पाचारण केले. मैदानावरच छातीदाब देण्यात आला, विजेच्या झटक्याचे यंत्र वापरण्यात आले आणि खेळाडू वाचला. २०२२ मध्ये तो पुन्हा स्पर्धात्मक फुटबॉल खेळू लागला.

या दोन घटनांतील वैद्यकीय कारणे एकच होती असे म्हणता येणार नाही. पंचांची तुलना करणे हाही येथे हेतू नाही. मात्र एक गोष्ट स्पष्ट होते. टेलर यांच्या खुणेला उत्तर देणारे प्रशिक्षित पथक रेषेबाहेर सज्ज होते. रेषेबाहेर कोणीच नसेल, तर पंचाच्या शिट्टीने खेळ थांबेल, पण खेळाडूला मदत मिळणार नाही.

नियमांतील तरतुदी :

फुटबॉलच्या १७ नियमांपैकी पाचवा नियम पंचाविषयी आहे. त्यातील दुखापतीसंबंधीच्या प्रमुख तरतुदी पुढीलप्रमाणे सांगता येतील.

१) दुखापत किरकोळ असल्यास चेंडू खेळाबाहेर जाईपर्यंत खेळ चालू ठेवावा.
२) दुखापत गंभीर असल्यास खेळ तत्काळ थांबवावा व खेळाडूला मैदानाबाहेर नेण्याची व्यवस्था करावी.
३) सामान्यतः मैदानावर उपचार करू नयेत. गोलरक्षकाची दुखापत, गोलरक्षक व अन्य खेळाडूची टक्कर, एकाच संघातील खेळाडूंची टक्कर आणि गंभीर दुखापत हे यातील महत्त्वाचे अपवाद होत.
४) बाहेर गेलेला खेळाडू खेळ पुन्हा सुरू झाल्यानंतर पंचाच्या परवानगीनेच परत येऊ शकतो. रक्तस्राव होत असल्यास तो थांबल्याची पंचाची खात्री झाली पाहिजे.
५) नियमभंग झालेला नसताना केवळ दुखापतीसाठी खेळ थांबविला असल्यास ड्रॉप बॉलने खेळ सुरू करावा.
६) दुखापतीत गेलेला वेळ सातव्या नियमानुसार भरून द्यावा.

किरकोळ आणि गंभीर यांतील भेद :

नियम ‘किरकोळ’ व ‘गंभीर’ असा भेद करतो. परंतु तो भेद काही क्षणांत करण्याचे काम पंचाच्या विवेकावर सोपवितो. पंच हा डॉक्टर नसतो. म्हणून त्याने निदान करण्याच्या भानगडीत न पडता धोक्याची लक्षणे ओळखावीत. धक्का न लागता कोसळलेला व प्रतिसाद न देणारा खेळाडू हृदयक्रिया बंद पडलेला आहे असे गृहीत धरूनच हालचाल करावी. अशा वेळी शरीराला येणारे झटके किंवा अधूनमधून घेतलेला घरघरता श्वास ही जिवंतपणाची खूण समजून थांबू नये. छातीच्या मध्यभागी मिनिटाला १०० ते १२० या गतीने दाब देणे लगेच सुरू व्हावे, कारण विजेच्या झटक्याविना जाणाऱ्या प्रत्येक मिनिटागणिक वाचण्याची शक्यता सुमारे ७ ते १० टक्क्यांनी घटते. मान किंवा पाठ दुखावलेल्या खेळाडूला सहकाऱ्यांनी हातपाय धरून उचलू नये, हे पाहणेही पंचाचेच काम होय.

डोक्याच्या दुखापतीत विशेष सावधगिरी हवी. काही वर्षांपूर्वी एका आंतरमहाविद्यालयीन सामन्यात प्रस्तुत लेखक पंच होता. हेडरसाठी उडी घेतलेल्या दोन विद्यार्थ्यांची डोकी आपटली. एक जण क्षणभर बसून उठला, ‘सर, मी ठीक आहे’ म्हणाला आणि लेखकाने त्याला खेळू दिले. सामन्यानंतर त्याला उत्तरार्धातील काहीच आठवत नव्हते. सुदैवाने तो बरा झाला. पण ज्याच्या मेंदूला आघात झाला आहे, त्याच्याच शब्दावर विसंबून निर्णय घेतला गेला, ही चूक लेखकाची होती. मेंदू-आघाताचा संशय असलेल्या खेळाडूने त्या दिवशी पुन्हा खेळू नये, असे आजचे क्रीडावैद्यक सांगते. मेंदू-आघातासाठी अतिरिक्त बदली खेळाडू देण्याची तरतूदही २०२४-२५ पासून स्पर्धा आयोजकांसाठी ऐच्छिक स्वरूपात नियमावलीत आली आहे. पुनःप्रवेशाला पंचाची परवानगी लागते. तेव्हा डॉक्टर नसलेल्या मैदानावर ती नाकारणे हाच सुरक्षित मार्ग होय.

एक आक्षेप :

खेळाडू वेळ काढण्यासाठी दुखापतीचे सोंग करतात, मग प्रत्येक वेळी खेळ कसा थांबवावा, असा आक्षेप घेतला जातो. तो निराधार नाही. परंतु सोंगावरचा उपाय नियमांतच आहे. गेलेला वेळ भरून दिला जातो, उपचार घेतलेल्या खेळाडूला सामान्यतः बाहेर जावे लागते आणि सोंग उघड झाल्यास पिवळे कार्डही दाखविता येते. सोंगावर विश्वास ठेवला तर दोन मिनिटे जातात. खऱ्या दुखापतीवर अविश्वास दाखविला तर जीव जाऊ शकतो. म्हणून शंकेचा लाभ खेळाडूलाच मिळाला पाहिजे.

आपल्या मैदानांचा विचार :

नांदेड येथील विष्णुपुरी परिसरात विद्यापीठ आणि शासकीय वैद्यकीय महाविद्यालय ही दोन्ही आहेत. लातूर शहरातही शासकीय वैद्यकीय संस्था आहे. परंतु किनवट, देगलूर किंवा उदगीर येथे सामना असेल तर जिल्ह्याच्या ठिकाणचे मोठे रुग्णालय दूर राहते. राज्यात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा २०१४ पासून उपलब्ध आहे. तथापि ती पोहोचेपर्यंतची मिनिटे मैदानावरील माणसांनाच सांभाळावी लागतात. यास्तव सामन्यापूर्वी पंचाने आयोजकांना पुढील गोष्टी विचाराव्यात : स्ट्रेचर व प्रथमोपचार पेटी कोठे आहे? छातीदाब देता येणारी व्यक्ती कोण? १०८ला फोन कोण करणार? वाहन कोणत्या फाटकाजवळ उभे आहे व ते फाटक उघडे आहे काय? यांची उत्तरे मिळेपर्यंत सामना सुरू करू नये.

निष्कर्ष :

जखमी खेळाडूविषयी पंचाची जबाबदारी सामना सुरू होण्यापूर्वीच सुरू होते. शंका आल्यास थांबणे, निदान वैद्यकावर सोपविणे आणि डोके दुखावलेल्या खेळाडूला परत न पाठविणे ही तीन तत्त्वे प्रत्येक महाविद्यालयीन पंचाने पाळणे आवश्यक आहे. राष्ट्रीय सेवा योजनेच्या स्वयंसेवकांना छातीदाबाचे प्रशिक्षण देणे कोणत्याही महाविद्यालयास अल्प खर्चात शक्य आहे. आपल्या मैदानावर येणारा विद्यार्थी त्याच्या पालकांनी विश्वासाने आपल्या हाती सोपविलेला असतो. सामन्याचा निकाल कोणताही लागो, तो सुखरूप घरी परतणे अधिक महत्त्वाचे होय.