शिल्लक शुभ मानणारी गोड पेज

मार्च महिना जवळ आला की आम्हा बँक कर्मचाऱ्यांना ताळेबंदाखेरीज दुसरे काही सुचत नाही. जुन्या चीनमधील व्यापाऱ्यांचा वर्षाखेरचा हिशेब मात्र एका गरम, गोड पेजेच्या दिवशी होत असे. हा दिवस म्हणजे लाबा. ‘ला’ म्हणजे चांद्रवर्षाचा बारावा महिना आणि ‘बा’ म्हणजे आठ. आपल्या पंचांगानुसार तो पौष वा माघ शुद्ध अष्टमीच्या सुमारास, बहुधा जानेवारीत येतो. उत्तर चीनमध्ये तेव्हा पाणी गोठविणारी थंडी असते.

या पेजेचा एक धागा थेट आपल्या देशाशी जुळतो. तपाने कृश झालेल्या सिद्धार्थ गौतमांना सुजातेने खीर अर्पण केली व त्यानंतर त्यांना बोधी प्राप्त झाली, ही कथा सर्वश्रुत आहे. चिनी बौद्ध परंपरेत लाबा हाच तो बोधिप्राप्तीचा दिवस. सोंग राजवटीची राजधानी कायफंग येथील विहारांतून या दिवशी ‘सात रत्ने व पाच स्वादांची’ पेज वाटली जाई आणि नागरिकही ती घरोघरी शिजवीत, अशी नोंद ११४७ च्या सुमारास लिहिलेल्या एका ग्रंथात आढळते. बीजिंगच्या योंगह मंदिरात आजही या पेजेसाठी पहाटेपासून रांगा लागतात.

पेजेचा मुख्य गुण असा, की तिला कोणतीही वस्तू विपुल लागत नाही. डब्यांच्या तळाशी उरलेले मूठमूठ धान्यही चालते. सहा जणांसाठी अर्धी वाटी चिकट तांदूळ (इंद्रायणी चालेल) आणि राळे, जव, लाल चवळी, शेंगदाणे व कमळबिया प्रत्येकी पाव वाटी घ्यावी. चीनमध्ये चवळीऐवजी बारीक लाल आझुकी घालतात. जव, चवळी, शेंगदाणे व कमळबिया रात्रभर भिजवाव्यात. कमळबियांतील हिरवा कोंब कडू असतो, तो आठवणीने काढावा.

सकाळी बारा वाट्या पाण्यात प्रथम भिजविलेले जिन्नस मंद आचेवर पाऊण तास शिजवावेत. मग तांदूळ व राळे घालून तळ लागू न देता आणखी तासभर ढवळत राहावे. लागेल तसे गरम पाणी वाढवावे. शेवटच्या पंधरा मिनिटांत आठ-दहा सुकी लाल बोरे (न मिळाल्यास बी काढलेला खजूर) व अक्रोडाचे तुकडे टाकावेत. अर्धी वाटी खडीसाखर मात्र सर्वांत शेवटी घालावी. गोडाच्या पाण्यात कडधान्य लवकर मऊ होत नाही. पेज वाडग्यात ओतता येईल इतकी सैल असावी.

याच दिवशी सोललेला लसूण व्हिनेगरमध्ये मुरत घालतात. काही दिवसांत तो पाचूसारखा हिरवा होतो आणि नववर्षाच्या पूर्वसंध्येला मोदकासारख्या जाओत्झंबरोबर खाल्ला जातो. चिनी भाषेत लसूण आणि हिशेब या दोन्ही शब्दांचा उच्चार ‘सुआन’ असाच होतो. त्यामुळे, असे सांगतात, की देणेकऱ्याकडे थेट तगादा लावण्याऐवजी सावकार त्याच्या घरी हा लसूण पाठवीत असे. घेणाऱ्याला सूचना मिळे आणि चारचौघांत त्याची मानहानीही होत नसे.

वसुली विभागात काम करताना थकबाकीची अनेक स्मरणपत्रे मी लिहिली आहेत. प्रत्येक पत्र कोणाच्या तरी घरात, कदाचित मुलांसमोर उघडले जाते, याचा विचार त्या लसणाची कथा वाचेपर्यंत मी फारसा केला नव्हता. घेणे सोडता येत नाही. पण मागण्याची रीत आपल्या हाती असते. तेव्हापासून पत्रावर सही करण्यापूर्वी मी ते एकदा ऋणकोच्या जागी बसून वाचतो.

लाबाची पेज दुपारपूर्वी आप्तेष्टांकडे व शेजाऱ्यांकडे पोहोचवायची असते. एवढे वाटूनही काही दिवस पुरेल इतकी ती उरली, तर तो येत्या वर्षाचा शुभशकुन समजला जातो. आधी वाटणे आणि मग शिल्लक मोजणे, हा हिशेब आपल्या पासबुकालाही शोभून दिसेल.