राजदंड महापौरांचा, कारभार आयुक्तांचा

महापालिकेच्या सर्वसाधारण सभेत विरोधकांचे कोणी ऐकेनासे झाले, की त्यांच्याकडे एक हुकमी उपाय असतो. दोन-चार नगरसेवक महापौरांच्या आसनाकडे धाव घेतात, समोरचा राजदंड उचलतात आणि दाराच्या दिशेने निघतात. सुरक्षारक्षक मागे धावतात, घोषणा सुरू होतात, सभा तहकूब होते आणि दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो येतो. त्या दिवशीही नळाला ठरल्या वेळी पाणी येते, घंटागाडी दारात येते, ठेकेदारांची बिले निघतात. राजदंडावाचून सभा अडते, शहर अडत नाही. कारण शहर चालवण्याचा अधिकार कायद्याने महापौरांना दिलेलाच नाही.

मुंबईचा कारभार 1888 च्या अधिनियमावर चालतो, तर राज्यातल्या इतर महापालिकांचा 1949 च्या. दोन्हीकडे कार्यकारी अधिकार आयुक्तांकडे आहेत. 1949 च्या कायद्यात महापालिकेचा गाडा हाकणाऱ्या प्राधिकाऱ्यांची यादीच दिली आहे. तीत महापालिका म्हणजे सभागृह आहे, स्थायी समिती आहे, प्रभाग समित्या आहेत आणि आयुक्तही आहेत. महापौर हे पद स्वतंत्रपणे त्या यादीत नाही.

ही मांडणी जुनी आहे. 1865 मध्ये आर्थर क्रॉफर्ड मुंबईचे पहिले म्युनिसिपल कमिशनर झाले. त्यांनी कामांचा धडाका लावला, पण खर्चही बेसुमार वाढला आणि करदाते खवळले. तेव्हा तरुण फिरोजशहा मेहतांनी वेगळीच भूमिका घेतली. कारभार एका जबाबदार अधिकाऱ्याच्या हाती असू द्या, पण त्याच्यावर लोकांनी निवडलेल्या सभागृहाचा वचक ठेवा, असे त्यांचे म्हणणे होते. 1872 मध्ये निवडून आलेले सदस्य सभागृहात आले आणि 1888 च्या कायद्याने ही घडी पक्की बसवली. सभागृहाच्या अध्यक्षाला महापौर म्हणायला सुरुवात झाली ती 1931 मध्ये. पदाचे नाव बदलले, पण कार्यकारी अधिकार आयुक्तांकडेच राहिले.

महापौरांच्या हाती काय असते?

नगरसेवक आपल्यातूनच एकाला अडीच वर्षांसाठी महापौर निवडतात. पद कोणत्या प्रवर्गासाठी राखीव हे सोडतीत ठरते. मतदाराच्या मतपत्रिकेवर या पदासाठी कोणाचेच नाव नसते. महापौर शहराचे प्रथम नागरिक असतात, पाहुण्यांचे स्वागत करतात, उद्घाटने करतात. हा झाला मानाचा भाग.

कामाचा भाग सभागृहात आहे. दर महिन्याला किमान एक सर्वसाधारण सभा व्हावीच लागते आणि तिथे महापौरांचा शब्द चालतो. कोणता विषय आधी पुकारायचा, कोणाला बोलू द्यायचे, उपसूचना स्वीकारायची की नाही, प्रस्ताव मतास टाकायचा की दप्तरी दाखल करायचा, हे तेच ठरवतात. समसमान मते पडली तर त्यांचे निर्णायक मत असते. एखाद्या गैरव्यवहारावर चर्चा चालू असताना ‘प्रशासनाने पुढच्या सभेत लेखी खुलासा करावा’ असा आदेश आसनावरून आला, तर अधिकाऱ्यांना तो सहज टाळता येत नाही.

पैशाच्या वाटेवर मात्र खरी चौकी स्थायी समितीची. अर्थसंकल्प आयुक्त तयार करतात आणि स्थायी समितीला सादर करतात, तिथून तो सभागृहात येतो. ठरावीक रकमेवरची कंत्राटेही याच समितीपुढे जातात. म्हणून महापालिकेतल्या मुरलेल्या राजकारण्यांना महापौरांच्या अँटीचेंबरपेक्षा ‘स्थायी’ची खुर्ची अधिक खुणावते. 2025-26 चा मुंबई महापालिकेचा अर्थसंकल्प 74 हजार कोटींच्या पुढे होता, हे लक्षात घेतले की त्यामागचे कारण वेगळे सांगावे लागत नाही.

दोरी मंत्रालयात

आयुक्तांची नेमणूक राज्य सरकार करते. एकूण नगरसेवकांपैकी पाच-अष्टमांशांनी विरोधात मत दिले तर आयुक्तांना परत बोलवावे, अशी तरतूद आहे. 2016 मध्ये नवी मुंबईच्या सभागृहाने आयुक्त तुकाराम मुंढे यांच्याविरुद्ध अविश्वास ठराव याहून कितीतरी मोठ्या बहुमताने मंजूर केला. सरकारने तो अमलात येऊ दिला नाही. मुंढे आणखी काही महिने तिथेच होते. अतिक्रमणांवरील त्यांच्या कारवाईमुळे लोकांची सहानुभूती त्यांच्याकडे होती, हेही खरे. पण सभागृहाचा ठराव शासनाला निलंबित करता येतो, विखंडितही करता येतो, हा धडा सगळ्याच महापौरांनी गिरवला.

त्यावेळी मुख्यमंत्री होते देवेंद्र फडणवीस, म्हणजे नागपूरचे माजी महापौर. त्यांच्या आधी मुंबईचे महापौरपद भूषवून मनोहर जोशी मुख्यमंत्री झाले होते. त्यांच्याच काळात, 1998 मध्ये, मुंबई आणि नागपुरात ‘महापौर परिषद’ आली होती. कोलकात्यात ही पद्धत 1980 च्या दशकापासून आहे. महापौर आणि त्यांचे सहकारी शहराचे मंत्रिमंडळ असल्यासारखे काम करतात, खाती वाटून घेतात, निर्णयांना उत्तरदायी असतात. आपल्याकडचा प्रयोग अल्पायुषी ठरला. त्यानंतर सर्व प्रमुख पक्ष सत्तेत येऊन गेले, पण तो पुन्हा सुरू करण्याची घाई कोणी दाखवली नाही. आयुक्तांची बदली ज्याच्या हातात, त्याच्या हातात शहर असते. ही दोरी सोडायला कोण तयार होणार?

शेजारच्या मध्य प्रदेशात महापौर थेट जनतेतून निवडला जातो. इंदूरच्या मराठी वस्तीतला मतदार नगरसेवकाला एक आणि महापौराला एक, अशी दोन मते देतो. आपल्याकडे अशी थेट निवड नगरपरिषदांच्या नगराध्यक्षांची होते, महापालिकांच्या महापौरांची नाही.

सभागृह नसते तेव्हा

महापौर नामधारी असेल तर पदच कशाला, असे वाटणाऱ्यांनी मार्च 2022 नंतरची वर्षे आठवावीत. मुंबई, पुण्यासह अनेक महापालिकांची मुदत संपली, निवडणुका लांबल्या आणि आयुक्तच प्रशासक झाले. प्रस्ताव मांडणारे प्रशासन आणि मंजूर करणारेही प्रशासन. 2023 मध्ये मुंबईचा अर्थसंकल्प अतिरिक्त आयुक्तांनी सादर केला तो प्रशासक असलेल्या आयुक्तांना. कोणत्या रस्त्याला किती पैसे आणि कोणत्या प्रभागाला ठेंगा, हे विचारायला सभागृहात कोणी नव्हते. कामे थांबली नाहीत, प्रश्नोत्तरे थांबली.

म्हणून महापौरांकडून खड्डे बुजवण्याची अपेक्षा ठेवणे चूक आहे आणि त्यांना हारतुऱ्यांपुरते सोडून देणेही तितकेच चूक. अधिकार आणि उत्तरदायित्व एका ठिकाणी आणणारा कायदा होईल तेव्हा होईल. तोवर नागरिकांनी महापौरांना त्यांच्या हातातल्या गोष्टींचा जाब विचारावा. वर्षभरात किती सभा कामकाज न होता तहकूब केल्या? नगरसेवकांच्या किती प्रश्नांना लेखी उत्तर मिळाले? अर्थसंकल्पावर खरोखर चर्चा झाली, की पहाटेपर्यंत भाषणे करून तो एका दमात मंजूर झाला? या प्रश्नांवर महापौरांना आयुक्तांकडे किंवा मंत्रालयाकडे बोट दाखवता येत नाही.