खेळाचा तास वाया जात नाही

मेंदूचे वजन शरीराच्या जेमतेम २ टक्के असते. पण विश्रांतीच्या वेळी शरीराला लागणाऱ्या ऑक्सिजनपैकी सुमारे २० टक्के ऑक्सिजन तो एकटा वापरतो. धावताना किंवा खो-खो खेळताना हृदयाचे ठोके वाढतात आणि मेंदूला रक्ताचा पुरवठाही वाढतो. ‘बीडीएनएफ’ या प्रथिनाचे प्रमाणही व्यायामाने वाढते. चेतापेशी जगवणे आणि त्यांच्यातील जोडण्या पक्क्या करणे हे त्याचे काम. नव्या आठवणी घडवणारा मेंदूचा भाग म्हणजे हिप्पोकॅम्पस. चक्रात धावणाऱ्या उंदरांच्या या भागात नव्या चेतापेशी अधिक तयार होतात, असे अमेरिकेतील सॉल्क इन्स्टिट्यूटमध्ये १९९९ साली दिसून आले.

मुलांमध्ये सर्वांत आधी सुधारते ती एकाग्रता. इलिनॉय विद्यापीठात चार्ल्स हिलमन यांनी नऊ-दहा वर्षांच्या मुलांची दोनदा चाचणी घेतली: एकदा २० मिनिटे ट्रेडमिलवर चालल्यानंतर, एकदा नुसते बसल्यानंतर. चालून आलेल्या मुलांची उत्तरे अधिक अचूक होती; वाचलेले त्यांना समजलेही अधिक. नियमित व्यायामाचा लाभ याहून टिकाऊ असतो. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात सात ते नऊ वर्षांची २२१ मुले होती. त्यांपैकी निम्मी मुले शाळा सुटल्यावर नऊ महिने खेळत होती. मन आवरणे आणि एका कामावरून दुसऱ्या कामाकडे वळणे त्यांना अधिक चांगले जमू लागले. ज्यांची हजेरी अधिक, त्यांची प्रगतीही अधिक.

खेळात अभ्यासाचा वेळ जातो, ही पालकांची नेहमीची तक्रार. कॅनडातील त्र्वा-रिव्हिएर येथे १९७०च्या दशकात प्राथमिक शाळेतील काही मुलांना रोज एक तास शारीरिक शिक्षण दिले गेले. त्यासाठी इतर विषयांचा वेळ कमी केला, तरी निकाल घसरला नाही. अर्थात, व्यायामाने प्रत्येक विषयाचे गुण वाढतातच असे नाही. त्याबाबतचे निष्कर्ष संमिश्र आहेत.

जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार ५ ते १७ वर्षांच्या मुलांनी रोज सरासरी ६० मिनिटे मध्यम ते जोरकस हालचाल करावी. बोलता येते, पण गाता येत नाही इतका दम लागला, की ती हालचाल मध्यम समजावी. सायकलने शाळेत जाणे, लंगडी, कबड्डी, दोरीवरच्या उड्या यांतूनही हा तास भरतो. परीक्षा जवळ आली म्हणून पी.टी.चा तास गणिताला देण्यात शाळेचा फायदा नाही आणि मुलांचाही नाही.