मे महिन्याला पोर्शन नसतो

एप्रिल लागला की शाळेच्या फाटकाशेजारच्या भिंतींवर आणि सोसायट्यांच्या सूचनाफलकांवर रंगीत कागद चिकटू लागतात. ॲबॅकस, वैदिक गणित, रोबोटिक्स, कोडिंग, इंग्रजी संभाषण, शिष्यवृत्ती, नवोदय. या गर्दीत दरवर्षी हमखास भरणारी एक बॅच असते: पुढच्या इयत्तेच्या गणित-विज्ञानाचा पोर्शन जूनच्या आत पूर्ण करून देणारी. सहावीतून सातवीत जाणारी मुलगी मे महिन्यात सातवीचे पहिले चार-पाच धडे संपवते आणि शाळा उघडल्यावर तेच धडे दुसऱ्यांदा ऐकत बसते. फी भरणाऱ्या आईबापांचा हेतू चांगलाच असतो. मूल मागे पडू नये, एवढंच त्यांना हवं असतं.

सुट्टीत अभ्यास नकोच, असं म्हणणाऱ्यांपैकी मी नाही. नीट घेतलेला महिनाभराचा उन्हाळी वर्ग पहिली ते आठवीच्या मुलांना खूप काही देऊ शकतो आणि याचे चांगले पुरावे आपल्या देशातच आहेत. पण हा महिना ज्या गोष्टीमुळे फळतो, नेमकी तीच पोर्शनच्या बॅचमध्ये नसते.

हे नीट समजून घ्यायचं तर बिहारकडे पाहावं लागतं. 2008 सालच्या जूनमध्ये तिथल्या सरकारी शाळांना सुट्टी होती. ‘प्रथम’ ही मुंबईतल्या वस्त्यांमधून काम सुरू करून देशभर पसरलेली संस्था आणि तिथलं शिक्षण खातं यांनी मिळून त्या महिन्यात वाचन-गणिताचे वर्ग घेतले. शिकवणारे कुणी बाहेरून आणलेले तज्ज्ञ नव्हते. वर्षभर त्याच शाळांमध्ये शिकवणारे सरकारी शिक्षकच होते. तिसरी ते पाचवीच्या ज्या मुलांना धड वाचता येत नव्हतं, ती बोलावली गेली. महिन्याभरात त्यांच्या वाचनात आणि गणितात मोजता येईल इतकी सुधारणा झाली. हे काम पारखणाऱ्या गटात अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो होते. पुढे 2019 साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेल्या तिघांपैकी हे दोघं.

खरी विचार करायला लावणारी गोष्ट पुढे आहे. त्याच बिहारमध्ये शाळा चालू असताना शिक्षकांना तेच साहित्य आणि तेच प्रशिक्षण देऊन पाहिलं, तेव्हा मुलांमध्ये फारसा फरक पडला नाही. राज्य तेच, पद्धत तीच, शिकवणारेही सरकारी शिक्षकच. मग जूनमध्ये जे जमलं ते इतर महिन्यांत का जमू नये? अभ्यासकांनी लावलेला अर्थ साधा आहे. शाळा चालू असते तेव्हा शिक्षकाला पाठ्यपुस्तक संपवायचं असतं. पाचवीच्या वर्गातल्या निम्म्या मुलांना दुसरीचा उतारा वाचता येत नसला, तरी त्या दिवशी शिकवायचा धडा पाचवीचाच. वरिष्ठ विचारतात ते धडा कुठवर आला हेच. सुट्टीत हे ओझं नसतं. त्या महिन्यात शिक्षकापुढे एकच काम असतं, समोरच्या मुलाला वाचता आलं पाहिजे.

अशा वर्गात पोरं इयत्तेप्रमाणे बसत नाहीत. पहिल्या दिवशी प्रत्येकाकडून मिनिटभर वाचून घेतात. कुणी अक्षरापर्यंत पोचलेलं असतं, कुणी शब्दापर्यंत, कुणी परिच्छेद वाचतं, तर कुणी सरळ गोष्ट. त्यावरून गट पडतात. पाचवीतला मुलगा अक्षरात अडखळत असेल, तर तो तिसरीतल्या मुलांबरोबर बाराखडीच्या तक्त्यासमोर बसतो. रोज एक गोष्ट मोठ्यानं वाचली जाते, तिच्यावर बोललं जातं, मग तिच्यातलेच शब्द जमिनीवर खडूनं लिहिले जातात. गणितात काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे असतात. हातचा म्हणजे काय, हे पुष्कळ मुलांना तिथे पहिल्यांदा हातात धरून कळतं. मूल एक पायरी चढलं की त्याचा गट बदलतो.

शाळेच्या दिवसांत पाचवीतल्या मुलाला तिसरीत नेऊन बसवलं, तर तो शरमेनं उद्या येणार नाही. मे महिन्यात वर्गाच्या दारावर इयत्तेची पाटी नसते आणि हजेरीपटावर तुकडीही नसते. माझ्या मते सुट्टीचा हा फायदा फार मोठा आहे, आणि तो कुठल्याही परीक्षेच्या आकड्यांत दिसत नाही.

अमेरिकेत या विषयावर जास्त काळ अभ्यास झाला आहे, कारण तिथली सुट्टी दहा-अकरा आठवड्यांची असते. (ती शेतीच्या कामांसाठी सुरू झाली, ही समजूत चुकीची आहे. एकोणिसाव्या शतकात खेड्यांतल्या शाळा उन्हाळ्यात भरत आणि पेरणी-कापणीच्या दिवसांत बंद राहत. लांब उन्हाळी सुट्टी ही मुख्यतः शहरांची देणगी आहे.) बाल्टिमोर शहरात 1982 साली पहिलीत गेलेल्या जवळपास आठशे मुलांचा मागोवा कार्ल अलेक्झांडर आणि डोरिस एन्ट्विसल यांनी वर्षानुवर्षं घेतला. त्यांना असं दिसलं, की शाळा चालू असताना गरीब आणि सुस्थितीतली मुलं जवळजवळ सारखीच पुढे सरकतात. अंतर पडतं ते उन्हाळ्यांत. ज्या घरात पुस्तकं आहेत, फिरणं आहे, बोलणारी माणसं आहेत, तिथलं मूल सुट्टीतही शिकत राहतं. दुसऱ्या घरातलं मूल जागच्या जागी थांबतं. अमेरिकेतल्या कितीतरी उन्हाळी कार्यक्रमांना या निष्कर्षानं बळ दिलं.

पुढे पॉल व्हॉन हिप्पेल या अभ्यासकानं 2019 साली हे सगळं पुन्हा तपासायला घेतलं. त्या काळी गुण मोजण्याची जी रीत होती, तिच्यामुळेच हे अंतर फुगलेलं दिसत असावं आणि श्रीमंत-गरीब मुलांमधली दरी बरीचशी पहिलीत येण्याआधीच पडलेली असते, असं त्यानं मांडलं. वाद संपलेला नाही. मात्र सुट्टीत दरी वाढते की नाही, हा एक प्रश्न आणि सुट्टीचा काळ दरी भरण्यासाठी वापरता येईल का, हा दुसरा. दुसऱ्याचं उत्तर बऱ्यापैकी स्पष्ट आहे. बॉस्टन, डॅलस, पिट्सबर्ग, रॉचेस्टर आणि फ्लोरिडातलं जॅक्सनव्हिल या पाच ठिकाणी तिसरी संपवून चौथीत जाणाऱ्या साडेपाच हजारांहून जास्त मुलांवर रँड या संस्थेनं मोठा प्रयोग केला. सोडत काढून काही मुलांना पाच-सहा आठवड्यांचे मोफत उन्हाळी वर्ग दिले, काहींना नाही. पहिल्याच उन्हाळ्यानंतर वर्गातली मुलं गणितात पुढे दिसली. सर्वांत जास्त फायदा झालेला दिसला तो नियमित येणाऱ्यांना, म्हणजे किमान वीस दिवस हजर राहिलेल्यांना. चार दिवस येऊन मामाच्या गावाला गेलेल्या मुलाला वर्ग कितीही चांगला असला तरी काही देऊ शकत नाही. आपल्याकडे दहा दिवसांची शिबिरं भरवणाऱ्यांनी हा वीस दिवसांचा आकडा लक्षात ठेवावा.

आता उरलेलं टोक, अभ्यासात पुढे असलेली मुलं. त्यांनाही सुट्टीत काही मिळायला हवं, आणि तेही पुढच्या इयत्तेचं पुस्तक नव्हे. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात ज्युलियन स्टॅन्ली यांनी 1970च्या दशकात गणितात असामान्य गती असलेल्या बारा-तेरा वर्षांच्या मुलांना शोधून त्यांच्यासाठी वेगळे वर्ग सुरू केले. त्यातूनच तिथली आजची प्रसिद्ध निवासी उन्हाळी शिबिरं उभी राहिली. भारतीय कुटुंबांना ती चांगलीच माहीत आहेत; फी मात्र हजारो डॉलर.

पुण्यातला नमुना मला जास्त जवळचा वाटतो. आयुका या खगोलशास्त्राच्या संशोधन केंद्रात डॉ. जयंत नारळीकरांच्या काळापासून उन्हाळ्यात आठवी-नववीच्या मुलांचे आठवड्या-आठवड्याचे गट येतात. दोन-चार मुलं एका वैज्ञानिकाच्या हवाली होतात. अभ्यासक्रम ठरलेला नसतो. वैज्ञानिक आणि मुलं मिळून ठरवतात की काय मोजायचं, काय वाचायचं, काय बनवायचं. आठवडा संपताना मुलं आपण काय केलं ते लिहून देतात. नारळीकरांकडे मुलं सही मागायला आली की ते सांगत, पोस्टकार्डावर एक प्रश्न विचार, उत्तराखाली सही मिळेल. आठवडाभराच्या त्या भेटीमागेही हाच विचार आहे, मुलाचा प्रश्न आधी. त्याच आवारातल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अरविंद गुप्तांनी काडेपेटीच्या काड्या, सायकलच्या व्हॉल्व्हची नळी, जुनी वर्तमानपत्रं, रिकाम्या बाटल्या यांतून विज्ञानाची खेळणी बनवायला शिकवलं. त्यांची पुस्तकं आणि चित्रफिती मराठीत आणि फुकट उपलब्ध आहेत. कोणत्याही गावातल्या शिक्षकाला पाच-पन्नास रुपयांच्या साहित्यात महिनाभराचा वर्ग त्यातून उभा करता येईल.

पुढे असलेल्या मुलाला हवा असतो एकाच प्रश्नावर तीन दिवस घालवण्याचा वेळ, आणि मागे असलेल्याला पाचवीत असूनही अक्षरापासून सुरू करण्याची मुभा. शाळा हे दोन्ही देऊ शकत नाही, कारण तिला सगळ्यांना घेऊन मार्चपर्यंत पुस्तकाच्या शेवटी पोचायचं असतं. सुट्टीत हे दोन्ही देता येतं. म्हणून मे महिन्यात पोर्शन आणून बसवणं मला मुलाच्या हक्काच्या वेळेवरचं अतिक्रमण वाटतं.

महाराष्ट्रात या वेळेची सर्वांत जास्त गरज कुणाला आहे? बीड, धाराशिव, अहिल्यानगर या जिल्ह्यांतून दरवर्षी दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला लाखो माणसं बाहेर पडतात. नवराबायकोचा कोयता पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात उतरतो आणि आजी-आजोबांकडे किंवा हंगामी वसतिगृहात सोय झाली नाही, तर पोरंही बैलगाडीबरोबर फडात जातात. तिथे मोठी मुलगी धाकट्याला सांभाळते, पाणी आणते, वाढं गोळा करते. कारखान्याचा पट्टा पडतो, म्हणजे हंगाम संपतो, साधारण मार्च-एप्रिलमध्ये. कुटुंब गावी परततं तेव्हा शाळेत वार्षिक परीक्षा चालू असते किंवा नुकतीच संपलेली असते. मग सुट्टी. जून-जुलैत शाळा, ऑक्टोबरात पुन्हा उचल घेतलेल्या मुकादमाचा निरोप. या मुलांच्या वर्षाचा हिशोब मांडून पाहा. ती स्वतःच्या गावात, स्वतःच्या घरी असतात आणि त्यांच्या हाती मोकळा वेळ असतो, असा काळ म्हणजे एप्रिल अखेर ते जून. नेमक्या त्याच काळात शाळेला कुलूप असतं.

उन्हाची अडचण खरी आहे. मराठवाडा-विदर्भात पारा बेचाळीस-चव्वेचाळीसवर जातो. विदर्भातल्या शाळा याच कारणानं उरलेल्या राज्यापेक्षा उशिरा उघडतात. पण असा वर्ग दिवसभराचा नसतोच. सकाळी सात ते नऊ, देवळाचा मंडप किंवा शाळेचा व्हरांडा, पंधरा मुलं, एक फळा, थोडी गोष्टींची पुस्तकं. बारावीची परीक्षा दिलेली गावातली मुलगी थोड्या प्रशिक्षणावर हा वर्ग उत्तम घेऊ शकते. तिला मानधन मात्र द्यायला हवं. सेवाभावाच्या नावाखाली तरुण मुलींकडून फुकट काम करून घेण्याची आपली सवय सुटली पाहिजे. शहाण्या ग्रामपंचायतीला एवढा खर्च जड नाही.

शहरातल्या पालकांना एकच सांगणं आहे. वर्गात नाव घालण्याआधी विचारा, पुढच्या इयत्तेचं पुस्तक उघडणार आहात का? हो म्हणाले तर पैसे खिशातच ठेवा. नाही म्हणाले तर पुढचं विचारा: मुलाला आज काय येतं हे पहिल्या दिवशी पाहणार का, एका गटात किती मुलं, हातानं करायला काय मिळणार, आणि संध्याकाळ खेळायला मोकळी राहणार ना.

आणि गावातल्या शाळा व्यवस्थापन समित्यांना, सरपंचांना विनंती. दुष्काळग्रस्त भागात उन्हाळ्याच्या सुट्टीतही मुलांना शालेय पोषण आहार द्यावा, असा सर्वोच्च न्यायालयाचा 2004 सालचा आदेश आहे. म्हणजे दुष्काळ जाहीर झालेल्या गावात मे महिन्यातही शाळेचं दार उघडायचं असतं, चूल पेटायची असते आणि मुलं यायची असतात. खिचडी शिजेपर्यंतचे दोन तास वाचनाला द्या.